सहा किलोचे तीन हजार तीनशे

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

आम्ही नौपाड्यात राहतो. माझं वय त्रेसष्ट, ह्यांचं अडुसष्ट. लेक बेंगळुरूला असते, तिला आठवा महिना लागला म्हणून आम्ही दोघं गेल्या महिन्यात विमानाने जाऊन आलो. तिकिटं मुलाने काढून दिली. ॲपवर एका खात्याला एकच कूपन चालत होतं, म्हणून त्याने एक तिकीट स्वतःच्या फोनवरून काढलं आणि दुसरं सुनेच्या. तीनशे रुपये वाचले. मग वेब चेक-इन करताना बघावं त्या सीटवर किंमत दिसायला लागली. शेवटी सातशे रुपये भरून शेजारशेजारच्या दोन घेतल्या.

विमानतळावर ह्यांची बॅग एकवीस किलो भरली, माझी नऊ. काउंटरवरच्या मुलीने सहा किलोचे तीन हजार तीनशे मागितले. मी म्हटलं, अगं, आम्ही नवरा-बायको, दोघांचं मिळून तीसच होतंय. ती म्हणाली, ‘मॅडम, तिकिटं वेगळी आहेत.’ मागे रांग खोळंबली होती, भरले पैसे.

तेव्हापासून हे मुलावर चिडून आहेत. मुलगा म्हणतो, बाबांना पितळी खलबत्ता न्यायला कोणी सांगितलं होतं? ताई, ही लुबाडणूक नाही का? आणि चूक नक्की कोणाची? बारशाला परत जायचंय. हे म्हणतात, तू जा विमानाने, मी उद्यान एक्सप्रेसने येतो.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर

काकू, नमस्कार.

आधी लेकीला आशीर्वाद कळवा. आता खलबत्त्याकडे वळू. मी बावीस वर्षं ठाण्यात तिकिटं काढून देण्याचं काम केलं आणि तुमच्यासारख्या गोष्टी शेकड्यांनी ऐकल्या. माणसं परत आली की विमान कसं होतं हे कोणी सांगत नसे, काट्यावर काय झालं तेच सांगत. एकदा एका गृहस्थांनी रांगेतच बॅग उघडून तीन शर्ट एकावर एक चढवले होते, तेही मे महिन्यात.

तुमची पावती मी दोनदा वाचली. सहा किलो, किलोला साडेपाचशे. त्या काट्यावर तुमच्याकडे एक ग्रॅमही जास्त नव्हता. देशांतर्गत प्रवासाला साधारण माणशी पंधरा किलो मिळतात, म्हणजे दोघांचे तीस, आणि एकवीस अधिक नऊ तीसच होतात. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, असलेल्या प्रवाशांचं वजन बहुतेक कंपन्या एकत्र धरतात. पीएनआर वेगळे झाले की त्यांच्या संगणकाच्या लेखी तुम्ही दोघं एकमेकांना अनोळखी. लग्नाला चाळीस वर्षं झालीत हे त्याला कोण सांगणार? त्या मुलीलाही ते बदलायची सोय नव्हती, तिच्यावर रागावू नका. तीनशे वाचवायला गेलात आणि तीन हजार तीनशे मोजलेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर मसाल्याचा हिशेब आण्यांच्याही पुढे गेला.

तर लुबाडणूक आहे का? माझं उत्तर ‘नाही’ आहे, पण हे ‘नाही’ म्हणताना मला आनंद होत नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे, आणि तो नियम असा घडवलाय की तुमच्यासारखी माणसं त्यात अडकावीत. हे कसं होतं ते नीट सांगते, म्हणजे काकांचा मुलावरचा राग थोडा तरी योग्य पत्त्यावर जाईल.

तुमच्या मुलाने ॲप उघडलं तेव्हा त्याने काय केलं असेल? ठाण्यातला काय आणि नेरूळचा काय, कुठलाही मुलगा तेच करतो: ‘सर्वांत स्वस्त आधी’ हे बटण दाबतो. विमान कंपनीचं सगळं गणित त्या बटणाभोवती फिरतं. यादीत वर यायचं तर तिकिटाचा आकडा लहान दिसला पाहिजे. मग तिकिटातून एकेक गोष्ट बाहेर काढायची. जेवण काढलं, आवडीची सीट काढली, पाच किलो सामान काढलं. आकडा खाली आला. बाहेर काढलेलं सगळं नंतर एकेक करून परत विकायचं, तेव्हा शेजारी तुलनेला दुसरी कंपनी नसते. तिकीट घेताना तुम्ही चार दुकानं फिरू शकता. काट्यासमोर एकच दुकान उघडं असतं, आणि विमान सुटायला दीड तास उरलेला असतो.

म्हणून तर तेच पाच किलो जास्तीचं सामान आधी वेबसाइटवरून घेतलं तर स्वस्त पडतं आणि काउंटरवर महाग. पाच किलो उचलायला विमानाला दोन्ही वेळा इंधन सारखंच लागतं. भाव ठरतो तुम्ही किती अडलेले आहात त्यावरून. माझ्या मते या सगळ्या शुल्कांकडे तसंच बघावं: सामानाचं भाडं थोडंसं, आणि बाकीचा उशिरा ठरवण्याचा दंड.

जगात हे फार जुनं नाही. युरोपात रायनएअरने 2006 साली काउंटरवर देण्याच्या बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांपैकी अमेरिकन एअरलाइन्सने 2008 च्या जूनपासून पहिल्याच बॅगेला 15 डॉलर लावले. कारण सांगितलं तेलाचं, आणि ते खोटं नव्हतं. त्या जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत गेलं होतं. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेच तेल 40 डॉलरच्या आसपास उतरलं, आणि बॅगेचे 15 डॉलर काही उतरले नाहीत. उलट बाकीच्या कंपन्यांनीही ते लावले. आज अमेरिकन कंपन्या नुसत्या बॅगांवर वर्षाला 7 अब्ज डॉलरच्या घरात कमावतात. तिथे अजून एक मेख आहे: देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के केंद्रीय कर आहे, बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. म्हणजे तोच डॉलर तिकिटातून काढून बॅगेत घातला की कंपनीला जास्त उरतो. सीटचंही तसंच. तिथल्या सिनेटच्या एका समितीने 2024 च्या नोव्हेंबरात हिशेब मांडला, त्यात पाच कंपन्यांनी 2018 ते 2023 या काळात फक्त सीटच्या शुल्कातून 12.4 अब्ज डॉलर मिळवल्याचं निघालं. सीट तीच आणि विमानही तेच, फक्त आधी सांगून बसायचे पैसे.

आपल्याकडे पूर्वी काउंटरवर वीस किलो फुकट जायचे, तुम्हाला आठवत असेल. 2013 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, सीट, जेवण, सामान वगैरे सुटं विकायची मुभा दिली आणि स्वस्त कंपन्यांनी वीसचे पंधरा केले. 2016 मध्ये डीजीसीएने लगाम लावून पाहिला: पंधरा ते वीस किलोंमधल्या सामानाला किलोमागे शंभर रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. तुमचे सहा किलो त्या नियमात बसले असते तर पहिल्या पाचांचे फक्त पाचशे झाले असते. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि 2017 मध्ये ती मर्यादा रद्द झाली. भाव ठरवणं कंपन्यांच्या हातात गेलं, आणि पुढचं तुम्ही पावतीवर वाचलंच आहे.

कंपन्यांची बाजूही थोडी ऐकून घ्या, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं काका म्हणतील. हा धंदा वरून दिसतो तितका गब्बर नाही. जगभरातल्या कंपन्यांची संघटना, आयाटा, सांगते की सरासरी काढली तर एका प्रवाशामागे निव्वळ नफा सात डॉलरच्या आसपास उरतो. सहाशे-साडेसहाशे रुपये धरा. किंगफिशर 2012 मध्ये बसली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. जेट बंद झाली तेव्हा आमच्या दुकानात परताव्यासाठी रांग लागली होती, मी ती विसरलेले नाही. एका माणसामागे सहाशे उरत असतील तर तुमचे तीन हजार तीनशे कंपनीला काय वाटत असतील, विचार करा. बाकीचे दीडशे प्रवासी विमान उडवतात, आणि खलबत्ता नफा मिळवून देतो. पण नुसतं सुटं-सुटं विकूनही पोट भरतंच असं नाही. हातातल्या बॅगेलासुद्धा पैसे लावणारी अमेरिकेतली स्पिरिट 2024 च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेली, आणि सावरली म्हणेपर्यंत 2025 मध्ये पुन्हा गेली.

आता सातशे रुपयांच्या सीटबद्दल. हे मला तीन हजार तीनशेपेक्षा जास्त खटकलं, कारण ते भरायची अजिबात गरज नव्हती. वेब चेक-इनच्या पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन आणि प्रत्येकावर आकडा दिसला की वाटतं, एक तरी घ्यावीच लागणार. घ्यावी लागत नाही. सीट न निवडता पुढे जायचा रस्ता पानाच्या खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो. तोही नाही सापडला तर विमानतळाच्या काउंटरवर उरलेल्यातली सीट फुकट मिळते. 2018 च्या नोव्हेंबरात इंडिगोने वेब चेक-इनच्या सगळ्याच सीटना पैसे लावल्याचं जाहीर केलं तेव्हा लोक एवढे खवळले की नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला ‘आम्ही तपासतो’ म्हणावं लागलं. तेव्हाही कंपनीने हेच सांगितलं होतं: काउंटरवर फुकट मिळेल. शेजारी बसायचा आग्रह असेल तर भरा बापडे. मुंबई ते बेंगळुरू पावणेदोन तासांचा प्रवास, त्यातला अर्धा वेळ काका झोपणार.

याच ओघात एक सांगून ठेवते, नातवंडं घेऊन जाणाऱ्यांच्या कामाचं आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये डीजीसीएने कंपन्यांना बजावलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकापैकी एकाच्या तरी शेजारी बसवायचं. तेव्हा ‘मूल लांब बसेल’ या भीतीने सीट विकत घेऊ नका. आणि काउंटरवर बोर्डिंग पास काढून द्यायचे कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, 2022 च्या जुलैत मंत्रालयाने ते बंद केलंय.

पैसे भरायच्या पानावर मुलाला डोळे उघडे ठेवायला सांगा. विमा, दानधर्म, ‘झटपट चेक-इन’, असं काही न मागता बिलात शिरलं असेल तर ते बेकायदा आहे. डीजीसीएच्या नियमात अशा सेवा प्रवाशाने स्वतः निवडल्या तरच घ्यायच्या, आधीच खूण करून ठेवायची नाही, असं आहे. 2023 च्या 30 नोव्हेंबरला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही असल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. बिलात गुपचूप वस्तू सरकवणं त्यात आहे, किंमत थेंबाथेंबाने उघड करणं आहे. आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणं! त्याचं उदाहरण तर त्यांनी विमानाच्या तिकिटाचंच दिलंय: विमा नको असेल तर जे बटण दाबायचं, त्यावर ‘मी असुरक्षित राहीन’ असं लिहिलेलं. माझ्या सासूबाई असल्या बटणाला घाबरून दर वेळी विमा घेत. असं काही दिसलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, किंवा एअरसेवा या विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. तुमच्या तीन हजार तीनशेंची तक्रार मात्र करू नका, ते परत मिळणार नाहीत.

आता बारसं.

दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर. कूपन जळू दे. परतीचंही तसंच. आणि मुलाला सांगा, यादीतला पहिला आकडा बघून हुरळू नकोस, पैसे भरायच्या आधीचा शेवटचा आकडा बघ. तिथे कन्व्हिनिअन्स फी, म्हणजे ऑनलाइन तिकीट काढण्याचं शुल्क, येते. ती बहुतेक ठिकाणी माणशी आणि प्रत्येक खेपेला वेगळी लागते, आणि तिकीट रद्द केलं तर परत येत नाही. सामान न नेणाऱ्याचं अजून स्वस्त तिकीटही दिसेल. 2021 पासून तशी परवानगी आहे, एअर इंडिया एक्सप्रेसने 2024 मध्ये तसं भाडं काढलंय. ऑफिसच्या कामाला एका रात्रीपुरतं जाणाऱ्याला ते छान. बारशाला जाणाऱ्या आजीने त्याच्याकडे ढुंकूनही बघू नये.

अजून एक, हे नवीन आहे म्हणून मुद्दाम सांगते. आता आपल्याला दोन विमानतळ झालेत. 2025 च्या 25 डिसेंबरपासून नवी मुंबईचं सुरू झालंय, आणि ॲपवर ‘मुंबई’ लिहिलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात. चारशे रुपये स्वस्त म्हणून परतीला रात्री अकराला उलव्याला, म्हणजे त्या नव्या विमानतळावर, उतरलात तर नौपाड्यापर्यंतची टॅक्सी ते चारशे कधी गिळेल कळणारही नाही. पनवेल-खारघरच्या वाचकांनी हेच उलटं वाचावं. रद्द करायची वेळ आली तर लक्षात ठेवा, तिकिटातली विमानतळाची शुल्कं आणि सरकारी कर कंपनीचे नसतात. प्रवास झाला नाही की ते परत द्यावे लागतात, तिकीट सेलमधलं असलं तरी. लोक ‘नॉन-रिफंडेबल’ वाचतात आणि गप्प बसतात. मागा.

वजन घरी करा. बॅग अडकवून उचलायचा हातातला काटा जांभळी नाक्याच्या बाजारातही मिळतो. किंवा घरात माणसाचा काटा असेल तर काकांनी आधी एकटं उभं राहावं, मग बॅग घेऊन. चौदाला थांबा, पंधरापर्यंत भरू नका, कारण निघताना तुमच्या हातून अजून एक चिवड्याची पिशवी आत जाणारच आहे. आणि सुटकेसचं स्वतःचं वजन विसरू नका. जुनी कडक सुटकेस रिकामीच चार-साडेचार किलो भरते, म्हणजे पंधरातला जवळजवळ तिसरा हिस्सा तुम्ही प्लास्टिक आणि चाकं नेण्यात घालवता. दोन लहान बॅगा करू नका, काही कंपन्या माणशी एकच बॅग घेतात आणि दुसरीला वजन कमी असलं तरी वेगळे पैसे लावतात. तरीही जास्त होणारच असेल, तर घरी बसूनच वेबसाइटवरून जास्तीचे किलो घ्या. निघायच्या आदल्या दिवशी, चहा पिताना. काउंटरवर कधीच नाही.

हातातल्या बॅगेत सात किलो चालतात, आणि तुमच्या पत्रात त्या बॅगांचा उल्लेखच नाही. मला शंका आहे की त्यात नुसती शाल आणि पाण्याची बाटली होती. दोघांचे मिळून चौदा किलो ते! डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी, बाळाची दुपटी, सगळं तिथे जाऊ द्या. लोणचं आणि तूप मात्र मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून, नाहीतर तपासणीत बरणी काढून ठेवावी लागेल. खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नका. सुकं खोबरं पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही, ते बेंगळुरूत हवं तेवढं मिळतं. पॉवर बँक उलट, ती हातातच ठेवायची. आणि खलबत्ता तुम्ही मोठ्या बॅगेत घातलात हे योग्यच केलंत. पितळी बत्ता हातात घेऊन तपासणीतून जायचा प्रयत्न केला असतात तर काकांना वेगळंच उत्तर द्यावं लागलं असतं.

चूक कोणाची? मुलाने तीनशे वाचवले ते तुमच्याच साठी, आणि पीएनआर वेगळे झाले की वजनही वेगळं होतं हे त्या पानावर कुठेही ठळक लिहिलेलं नसतं. काकांनी खलबत्ता नेला कारण बाळंतिणीचा मसाला मिक्सरमध्ये नको असं घरात कोणीतरी म्हणालं असणार. कोण म्हणालं, ते मी विचारत नाही.

उद्यान एक्सप्रेसचं म्हणाल तर रेल्वेलाही सामानाची मर्यादा आहे. स्लीपरला आणि थ्री टियर एसीला चाळीस किलो. फक्त तिथे सहसा कोणी काटा घेऊन उभं नसतं. काकांना चोवीस तास खिडकीत बसायची हौस असेल तर जाऊ द्या, पण चिडून नको. त्यांना एवढंच सांगा, खलबत्ता आता बेंगळुरूला पोचलाय. ह्या खेपेला त्यांची बॅग आपोआपच हलकी आहे. पाळणा मात्र तिकडेच भाड्याने घ्या.